माझी तीच

आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, दर बुधवारी संध्याकाळी सात वाजता प्रार्थनासभा असते. पंधरा-वीस माणसं जमतात, त्यात बायकाच जास्त. एक गीत होतं, वचन वाचलं जातं आणि मग पाळकसाहेब वही उघडून विचारतात, "कोणाची काही विनंती?" कुणाच्या मुलाची बारावी असते, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन, कुणाच्या घरात जागेवरून भाऊबंदकी. खिडकीजवळच्या दुसऱ्या बाकावर एक मावशी बसायच्या. मिशनच्या दवाखान्यात नर्सची नोकरी करून निवृत्त झालेल्या. त्यांची पाळी आली की मान वर न करता त्या म्हणायच्या, "माझी तीच."

पाळकसाहेब वहीत काही लिहीत नसत. सगळ्यांना ठाऊक होतं. मावशींचा एकुलता एक मुलगा 1999 साली बापाशी भांडून घर सोडून गेला तो गेलाच. सुरुवातीला मुंबईहून दोन पत्रं आली, पुढे तीही बंद झाली. मधल्या काळात बाप वारला, पाळक बदलले, वह्या बदलल्या. मावशींची विनंती तीच राहिली आणि हळूहळू तिचे दोनच शब्द उरले.

मला ते तेव्हा पटत नसे. देवापुढे माणसाने मन मोकळं करावं, सविस्तर मागावं, असं आम्हाला शब्बाथशाळेपासून, म्हणजे चर्चच्या लहान मुलांच्या वर्गापासून, शिकवलेलं. मग 2019 च्या जानेवारीत आम्ही दोघांनी मूल दत्तक घेण्यासाठी नाव नोंदवलं आणि पुढची चार वर्षं सात महिने मीही वाट पाहिली. वाट पाहण्याबद्दल आपल्याकडे बहुतेक वाट संपलेली माणसंच बोलतात. आता मीही त्यांच्यातली झाले आहे, म्हणून विसरायच्या आत हे लिहून ठेवते.

लग्नाला तेव्हा दहा वर्षं झाली होती. दवाखाने, तपासण्या, पुण्याच्या फेऱ्या, ते सगळं करून झालं होतं आणि त्याबद्दल मला फार काही सांगायचं नाही. दत्तकाचा विषय मिस्टरांनीच काढला. सासूबाई दोन दिवस गप्प राहिल्या, तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "आपल्यात दत्तक चालतं का पण?"

हा प्रश्न त्यांनी उगाच विचारला नव्हता. माझ्या मामा-मामींनी 1988 साली एक मुलगा घरी आणला, वाढवला, शिकवला. पण कागदावर तो कधीच त्यांचा मुलगा झाला नाही. 1956 चा दत्तकाचा कायदा हिंदूंसाठी, त्यात बौद्ध, जैन आणि शीख धरलेले. ख्रिस्ती माणसाला 1890 च्या कायद्याखाली फक्त पालक म्हणून नेमून घेता यायचं. मूल सज्ञान झालं की ते पालकत्व संपायचं, आणि वारसाहक्क तर आपोआप लागूच होत नव्हता. मामा गेल्यावर माझ्या त्या भावाला घराच्या कागदांसाठी ज्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या, त्या आम्ही सगळ्यांनी पाहिल्या होत्या. ज्याने मामांचं शेवटचं आजारपण उशाशी बसून काढलं, त्याला "तुम्ही त्यांचे कोण?" असं विचारलं जात होतं. बाल न्याय कायद्याने हे दार आमच्यासाठी उघडलं. कोणत्याही धर्माच्या माणसाला त्या कायद्याखाली दत्तक घेता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली स्पष्ट केलं, आणि पुढच्याच वर्षी नवा कायदा आला. मिस्टरांनी हे सगळं सासूबाईंना समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे नाव लागेल?" हे म्हणाले, "लागेल." त्यावर त्या उठून चहा टाकायला गेल्या. आमच्या घरात होकार असाच मिळतो.

नोंदणी केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या, म्हणजे 'कारा'च्या संकेतस्थळावर करायची असते. आधार, पॅन, उत्पन्नाचा दाखला, डॉक्टरांचं प्रमाणपत्र, आणि लग्नाचा पुरावा म्हणून चर्चच्या नोंदवहीतला उतारा. एक फोटो. मग पर्याय: मुलगा, मुलगी की कोणतंही. वय किती. निरोगी की विशेष गरजा असलेलं. मी माउस हातात धरून बराच वेळ बसले होते. लेकरू मागताना असं खुणा करत जायचं हे माझ्या जिवावर आलं. लिंगाच्या रकान्यात आम्ही 'कोणतंही' निवडलं. पण पुढच्या एका रकान्यात 'निरोगी' निवडलं आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. देवाने मला निवडताना असा रकाना भरला असता तर, हा विचार डोक्यातून जाईना. तरीही मी ती निवड बदलली नाही. आमची ताकद आम्हाला माहीत होती. ते दुःख मी प्रार्थनेत देवापुढे ठेवलं आणि ते अजून तिथेच आहे.

मग सामाजिक कार्यकर्त्या घरी आल्या. त्याला गृहभेट म्हणतात. त्या स्वयंपाकघरात आल्या, मोरीत डोकावल्या, सासूबाईंशी वेगळं बोलल्या, आम्हा दोघांनाही वेगवेगळं बसवून विचारलं. "मूल मोठं झाल्यावर त्याला सांगणार का?" "ते रडलं, मारलं, 'तू माझी आई नाहीस' म्हणालं तर?" फार चांगल्या बाई होत्या. अहवाल गेला, मंजूर झाला आणि संकेतस्थळावर आमच्या नावापुढे प्रतीक्षायादीतला क्रमांक दिसू लागला.

त्या क्रमांकाने माझं जवळजवळ वर्ष खाल्लं. सकाळी दात घासायच्या आधी फोन, रात्री दिवा मालवल्यावर फोन. क्रमांक कधी आठवडाभर हलायचा नाही, कधी एकदम चार पावलं पुढे यायचा. पुढे आला की मी म्हणायचे, प्रभूने ऐकलं. अडकला की म्हणायचे, माझं काही चुकलं का? देवाची कृपा मी त्या आकड्यावर मोजत होते. बायबल उशाशी होतं, पण आधी उघडायचा तो फोन.

लोक धीर द्यायचे. "देवाची वेळ परिपूर्ण असते" हे वाक्य त्या वर्षांत मी किती जणांकडून ऐकलं त्याला मोजदाद नाही. वाक्य खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण ते म्हणणाऱ्याच्या कडेवर बहुतेकदा मूल असायचं. आणि आमच्या मंडळीत साक्ष द्यायची पद्धत आहे. ज्याची प्रार्थना ऐकली गेली तो उपासनेत पुढे येऊन सांगतो, सगळे 'हालेलूया' म्हणतात. चांगली पद्धत आहे, माझा स्वतःचा विश्वास अशा साक्षी ऐकतच वाढला. पण जो अजून वाट पाहतो आहे त्याला पुढे बोलवत नाहीत. त्याच्याकडे सांगायला काय असणार? वाट पाहणारे मागच्या बाकांवर बसतात आणि दुसऱ्यांच्या साक्षींना हालेलूया म्हणतात. मातृदिनाच्या उपासनेला तर मी जाणंच सोडलं होतं. दरवर्षी बायबलमधल्या मूल नसलेल्या हन्नाचा उतारा, दरवर्षी तेच, की ती रडली, तिने मागितलं आणि देवाने तिला शमुवेल दिला.

एका बुधवारी पाळकसाहेबांनी विचारलं तेव्हा मला रडू आवरेना. नेहमीचं सगळं म्हणायला गेले आणि शब्दच फुटला नाही. मावशींनी मागे वळून न पाहता हात मागे केला आणि माझ्या गुडघ्यावर ठेवला. मग माझ्याच तोंडून निघालं, "माझीही तीच."

सभेनंतर त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेले. म्हटलं, "मावशी, तुम्ही देवाला एवढंच सांगता?" त्या म्हणाल्या, "आधी पुष्कळ सांगायचे गं. त्याचं नाव, त्याची उंची, तो कुठल्या गाडीने गेला, अंगात कोणता शर्ट होता. मग एकदा वाटलं, मी हे परत परत कुणाला सांगतेय? देव विसरलाय का?" रिक्षात बसता बसता पुन्हा म्हणाल्या, "तो विसरत नाही. मीच विसरू नये म्हणून येते मी बुधवारी."

त्यानंतर मी क्रमांक बघणं एकदम सोडलं असं नाही, पण आठवड्यातून एकदाच बघायचं ठरवलं, बुधवारची सभा झाल्यावर. आधी सभा, मग फोन. हा क्रम पाळायला मला फार कष्ट पडले. एखाद्या व्यसनासारखे हात शिवशिवायचे.

2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली. उपासना बंद, सगळंच ठप्प, यादीही जणू गोठली. बुधवारची सभा फोनवर सुरू झाली. मावशींकडे साधा बटणांचा फोन होता, म्हणून मी लॅपटॉपवर सभेला बसायचे, त्यांना माझ्या मोबाइलवरून फोन लावायचे आणि स्पीकर चालू करून मोबाइल लॅपटॉपला टेकवून ठेवायचे. त्यांचा आवाज सगळ्यांना अर्ध्या क्षणाने उशिरा ऐकू यायचा. "माझी तीच." आणि लगेच त्याचा प्रतिध्वनी, "...तीच."

सभा संपली की आम्ही दोघी बोलत राहायचो. तेव्हाच मला कळलं की मावशी स्वतः अनाथाश्रमात वाढलेल्या. महिन्याच्या असताना कुणीतरी मिशनच्या दारात ठेवून गेलेलं. त्यांनी हे सहज सांगितलं, भाजी निवडता निवडता सांगावं तसं. म्हणाल्या, "आमच्यात कायद्याने दत्तक नव्हतंच, त्यामुळे न्यायला कुणी येत नसे. पण आम्हा पोरींना ते कुठे ठाऊक? फाटकाशी गाडी थांबली की आम्ही सगळ्या केस नीट करून उभ्या राहायचो. मी नऊ वर्षांची होईपर्यंत उभी राहिले. मग सोडलं."

मी काही बोलले नाही. त्या म्हणाल्या, "तू रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय वाच. पौलाने तिथे दत्तकाची वाट पाहणारा सांगितलाय, तो लेकरू आहे. आई नाही." मी बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या पत्रातला तो अध्याय वाचला. तेविसाव्या वचनात आहे, आपणही दत्तकपुत्र होण्याची वाट पाहत असताना आपल्या ठायी कण्हतो. त्या वेळी मला वाटलं, म्हातारी स्वतःच्या बालपणाबद्दल बोलतेय. वाचून मी बायबल मिटलं.

2021 च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, मावशी गेल्या. तीन दिवसांत. दफनाला पाच माणसांना परवानगी मिळाली, त्यात मी नव्हते. पाळकसाहेबांनी फोनवरच सगळ्यांसाठी योहानाचा अकरावा अध्याय वाचला. मार्था आणि मरिया या बहिणींचा भाऊ लाजर आजारी असल्याचा निरोप मिळाल्यावरही येशू होता त्याच ठिकाणी आणखी दोन दिवस राहिला. तो त्यांच्या गावी, बेथानीला, पोहोचला तेव्हा लाजर कबरेत जाऊन चार दिवस झाले होते. मार्था त्याला म्हणते, प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. मग मरिया येते आणि शब्दाला शब्द तेच म्हणते. ह्याच्याकडे माझं आधी कधी लक्ष गेलं नव्हतं. चार दिवस त्या दोघी बहिणी घरात एकमेकींना हेच म्हणत असणार, तो आला असता तर, तो आला असता तर. त्यांचीही तीच. आणि येशू मार्थेला पुनरुत्थानाचं वचन देतो, पण मरियेचं रडणं पाहून तो स्वतः रडतो. उशिरा येण्याचं कारण तो दोघींनाही सांगत नाही.

मावशींचा मुलगा आला नव्हता. बावीस वर्षांच्या बुधवारांना हे उत्तर. मी तेव्हा देवावर रागावले होते आणि ते मी लपवत नाही. माझ्या रागाने मी देवापासून दूर गेले नाही, एवढंच सांगते. बायबलच्या स्तोत्रांत याहून जास्त रागावलेली माणसं आहेत आणि त्यांचं रागावणं पवित्र शास्त्रात ठेवलेलं आहे.

गृहभेटीचा अहवाल तीन वर्षं चालतो. आमची तीन वर्षं 2022 च्या सुरुवातीला संपली. मूल आलं नव्हतं, अहवाल जुना झाला होता. पुन्हा डॉक्टरांचं प्रमाणपत्र, पुन्हा उत्पन्नाचा दाखला, पुन्हा फोटो. जुन्या फोटोत माझे केस काळे होते. या वेळी दुसऱ्या कार्यकर्त्या आल्या, वयाने लहान. चहा झाल्यावर मी त्यांना विचारलं, जे मी तीन वर्षांत कुणालाच विचारलं नव्हतं: "एवढा वेळ कशाने लागतो हो?"

त्यांनी शांतपणे सांगितलं. घ्यायला तयार असलेली घरं खूप, आणि कायद्याने मोकळी झालेली मुलं थोडी. सापडलेलं मूल असेल तर आधी त्याच्या घरच्यांचा शोध घ्यावा लागतो. आणि आईने स्वतः मूल बालकल्याण समितीपुढे सोपवलं असेल तर तिला विचार बदलायला साठ दिवस द्यावे लागतात. "साठ दिवस आम्ही थांबतो," त्या म्हणाल्या. "काही आया परत येतात. आल्या की आम्हाला आनंद होतो."

त्या गेल्यावर मी कप विसळायला उभी राहिले आणि नळ तसाच वाहत राहिला. तीन वर्षं मी मागत होते, प्रभू, लवकर दे. लवकर म्हणजे काय? कुठेतरी एखादी पोरगी लवकर अडचणीत यावी, लवकर एकटी पडावी, तिने लवकर सही करावी आणि साठ दिवसांत तिला परत यायला कुठलंच दार उघडं सापडू नये. मी हे मागत होते? मला माहीत नव्हतं, पण माझ्या 'लवकर' या शब्दात ते सगळं बसलेलं होतं. आणि ज्याच्याकडे मी मागत होते तो माझा जेवढा बाप, तेवढाच तिचाही. तो माझं ऐकत नाही असं मी म्हणत होते, तेव्हा तो कदाचित तिचं ऐकत होता.

त्या रात्रीपासून माझी प्रार्थना बदलली. मी ठरवून बदलली नाही, जुनी प्रार्थना तोंडातून निघेनाच. मी म्हणू लागले, जी कोणी असेल तिला राहू दे तिच्या लेकराजवळ. तिचे आईबाप विरघळू देत. साठावा दिवस यायच्या आत ती परत येऊ दे. आणि तरीही, सगळं करूनही एखादं लेकरू उरलंच, तर आम्ही इथे आहोत. अशी प्रार्थना करायची आणि आशाही धरायची, हे दोन्ही एका छातीत मावत नव्हतं. मिस्टर रात्रपाळीहून आले की आम्ही दोघं पहाटे स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच ती म्हणायचो. स्तोत्रात म्हटलंय की पहारेकरी पहाटेची वाट पाहतात त्याहून अधिक माझा जीव प्रभूची वाट पाहतो. हे एकदा म्हणाले, "पहारेकऱ्याला निदान सहाला सुटी असते हे माहीत असतं." मग थोडं थांबून म्हणाले, "तिथे 'प्रभूची' वाट म्हटलंय पण. सुटीची नाही."

हन्नाचा उतारा मी त्याच दिवसांत पुन्हा काढला, आणि या वेळी पुढचा अध्यायही वाचला, जो मातृदिनाला कुणी वाचत नाही. हन्नाने दूध तुटल्यावर शमुवेलाला मंदिरात नेऊन सोडलं. ती लेकरू सोपवून आलेली आई आहे. आणि ती दरवर्षी त्याच्यासाठी एक लहानसा झगा शिवून न्यायची. मला त्या झग्याने रडवलं. मी शिवणकाम जाणते. वर्षभर न पाहिलेल्या पोराचं माप ती कशी घेत असेल? शेजारणीच्या त्याच वयाच्या मुलाला उभं करून? वर्षानुवर्षं मी स्वतःला हन्ना समजत होते. हन्ना तर ती दुसरी होती, जी कुठेतरी साठ दिवस मोजत होती.

मग मी कोण? त्या आगमनकाळात, म्हणजे नाताळच्या आधीच्या आठवड्यांत, पाळकसाहेबांनी बायबल अभ्यासाला रोमकरांस पत्र घेतलं आणि आठव्या अध्यायावर आल्यावर मावशींचं वाक्य मला अख्खं परत ऐकू आलं. पाळकसाहेब सांगत होते की पौलाच्या काळच्या रोमी कायद्यात दत्तक गेलेल्याला सख्ख्या मुलाचा पूर्ण हक्क मिळायचा, वारसासकट. मला मामांचा मुलगा आठवला, तो सरकारी कचेरीतला बाक आठवला. पाळकसाहेबांनी पुढे वाचलं, दत्तकपणाचा आत्मा मिळाल्यामुळे आपण 'अब्बा, बापा' अशी हाक मारतो. आणि मला फाटकाशी केस नीट करून उभी असलेली नऊ वर्षांची पोरगी दिसली. पौल मला त्या पोरींच्या रांगेत उभं करत होता. आतापर्यंत मी देवाकडे मूल मागणारी बाई म्हणून उभी होते. पण ज्याची वाट पाहायची तो न्यायला येणारा आहे, आणि कागद त्याने आधीच करून ठेवलेत, फक्त त्याची गाडी अजून फाटकाशी यायची आहे. "जे आपल्याला दिसत नाही त्याची जर आपण आशा धरतो, तर धीराने त्याची वाट पाहतो." मावशींनी फाटकाशी उभं राहणं नवव्या वर्षी सोडलं असं त्या म्हणाल्या होत्या. मला नाही वाटत त्यांनी सोडलं. त्यांनी फाटक बदललं.

मूल नाताळात येईल असं मला दरवर्षी वाटायचं. आगमनकाळ आला की मन उगाच खूण शोधायचं. निरोप आला तो 2023 च्या ऑगस्टमधल्या एका मंगळवारी. कुठलाही सण नव्हता. पाऊस पडून गेला होता, मी गच्चीवरचे कपडे काढत होते, फोनवर संदेश आला. संकेतस्थळ उघडलं तर एक फोटो आणि दोन अहवाल. मुलगी, पाच महिन्यांची. जन्माच्या वेळचं वजन 1 किलो 800 ग्रॅम. फोटोत कुणाच्या तरी हाताने तिची मान सावरलेली, आणि त्या हातात हिरव्या बांगड्या. निर्णय कळवायला 48 तास असतात. आम्ही अहवाल घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. ते म्हणाले, वजन आता भरून येतंय, कानाची एक तपासणी करून घ्या. आम्ही रात्री होकार कळवला. मग गुडघे टेकले, आणि पहिली प्रार्थना निघाली ती तिच्या आईसाठी. साठ दिवस केव्हाच होऊन गेले होते. ती परत आली नव्हती, किंवा तिला येता आलं नव्हतं. आम्हाला ते कधीच कळणार नाही. आमच्या घरात आनंद आला तो असा, दुसऱ्या कुणाच्या रित्या मांडीवरून, आणि मी त्याला निव्वळ आनंद कधीच म्हणू शकले नाही.

संस्था दुसऱ्या जिल्ह्यात होती, एसटीने सात तास. एका ताईंनी तिला आणलं. डोक्यावर नुकतंच जावळ काढलेलं, कपाळाला पावडर, आणि अंगात दोन मापं मोठा पिवळा झगा, बाह्या दुमडलेल्या. मी हात पुढे केले तर ती रडली नाही, हसलीही नाही. तिने माझ्या चष्म्याची काडी धरली आणि सोडेना. ताई म्हणाल्या, "चष्मेवाल्या डॉक्टर बाई येतात ना इथे, तिला वाटलं त्याच." म्हणजे तिने मला ओळखलं नव्हतं. अर्थातच नव्हतं. तिला न्यायला कुणीतरी आलंय हेही तिला ठाऊक नव्हतं. तिची नोंद, तिचं नाव, तिचा वारसा, सगळं तिच्या डोक्यावरून चाललं होतं आणि ती चष्म्याची काडी ओढत होती.

परतीच्या गाडीत सासूबाईंचा फोन आला. "नाव लागलं का?" म्हटलं, "लागेल." आधी तात्पुरता ताबा मिळतो, अंतिम आदेश नंतर. पूर्वी तो न्यायालय द्यायचं, 2022 च्या सप्टेंबरपासून तो अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आला आहे. आमचा आदेश काही महिन्यांनी आला, मग जन्मदाखला. त्यावर आईच्या रकान्यात माझं नाव. सासूबाईंनी तो चष्मा लावून दोनदा वाचला आणि तांदळाच्या डब्यामागे, जिथे त्या महत्त्वाचे कागद ठेवतात, तिथे ठेवून दिला. माझ्या मामेभावाला मी त्याचा फोटो पाठवला. त्याने उत्तरात एक शब्दही लिहिला नाही, संध्याकाळी मिठाई घेऊन दारात उभा राहिला.

बाप्तिस्म्याच्या रविवारी पाळकसाहेब म्हणाले, साक्ष द्या. मी पुढे गेले. समोर दुसऱ्या बाकावर मावशींची जागा. तयार करून नेलेलं सगळं मी बाजूला ठेवलं. इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय काढला आणि ते वचन वाचलं, की हे सर्व विश्वासात मेले, त्यांना वचनांचं फळ मिळालं नव्हतं, त्यांनी ते दुरून पाहिलं आणि त्याला वंदन केलं. मग म्हटलं, आज माझ्या कडेवर लेकरू आहे म्हणून मला इथे बोलावलंय. मावशींना इथे कुणी कधी बोलावलं नाही. त्यांची साक्ष माझ्यापेक्षा मोठी होती आणि ती दोन शब्दांची होती. एवढं बोलून मी खाली आले. हालेलूया कुणी म्हटलं नाही. मागच्या बाकांवरून दोन-तीन जणी उठून नुसत्याच उभ्या राहिल्या.

मुलगी आता अडीच वर्षांची झाली आहे. कानाची तपासणी नीट आली, बोलायला मात्र उशीर झाला आणि आता थांबत नाही. दरवर्षी तिच्या वाढदिवसाआधी मी तिला एक फ्रॉक शिवते आणि शिवताना मापाच्या टेपेवर आकडा बघून मनातल्या मनात त्या दुसरीला सांगते, बघ, एवढी झाली.

बुधवारी तिला घेऊन जाते. आम्ही खिडकीजवळच्या दुसऱ्या बाकावर बसतो. पाळकसाहेब नवे आले आहेत, तरुण आहेत, वही सोडून फोनमध्ये लिहून घेतात. पहिल्या बुधवारी त्यांनी मला विचारलं, "ताई, तुमची काही विनंती?" मी म्हटलं, "मावशींची तीच." त्यांना कळेना, तेव्हा मागून एक आजी म्हणाल्या, "लिहा, आम्ही सांगतो नंतर."

त्यांनी लिहून घेतलं.